लेथ आला, आता पुढे काय घ्यायचं?

लाकूड कातायचा लेथ नवा असतो तेव्हा त्याच्या मोटरचं, वजनाचं, वेगाचं कौतुक असतं. पहिले दोन-तीन तुकडे कातून झाले की लक्षात येतं, यंत्र फक्त लाकूड फिरवतं. ते लाकूड धरायचं कशानं, हत्यार टेकवायचं कुठे, त्याला धार लावायची कशी, डोळे आणि फुप्फुसं सांभाळायची कशी, हे सगळं लेथच्या बाहेरचं आहे. मग जोडसामानाच्या याद्या चाळणं सुरू होतं. चक, जादा जबडे, तऱ्हेतऱ्हेची सेंटर, जिग, स्टेडी रेस्ट, व्हॅक्यूम चक. यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या खरोखर उपयोगाची असते, म्हणून तर निवड अवघड जाते.

मी सुरुवातीपासून लेथशेजारी एक वही ठेवली होती. काम अडलं की हात पुसायचे आणि कशामुळे अडलं ते एका ओळीत लिहायचं. काही महिन्यांनी वही चाळली. सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता 'धार'. त्याखालोखाल 'तुकडा हलला' आणि 'पकड सुटली'. जे सामान घ्यावं असं रोज मनात घोळत होतं, त्याच्यावाचून काम अडल्याची नोंद एकही नव्हती. पुढचा क्रम त्या वहीतला आहे.

त्याआधी चेहरा आणि श्वास

एक गोष्ट मात्र वहीत येण्याची वाट बघायची नाही. ३०० मिमी व्यासाचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या काठाचा वेग ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास जातो. ओल्या लाकडाचा दीड-दोन किलोचा तुकडा त्या वेगात सुटला, तर चष्म्याने फार तर डोळे वाचतील. नाक, दात, हनुवटी उघडीच राहते. म्हणून पूर्ण चेहरा झाकणारी फेस शील्ड घ्या आणि ती आघातासाठी तपासलेली आहे का, हे तिच्यावरच्या खुणेवरून बघा. युरोपच्या ईएन १६६ मानकात 'एफ' अक्षर असलेलं साधन सेकंदाला ४५ मीटर वेगाने आलेली छोटी पोलादी गोळी सोसतं, 'बी' असलेलं १२० मीटरची. ही चाचणीची गोळी एक ग्रॅमपेक्षाही हलकी असते, हे विसरू नका. जड तुकड्यापुढे शील्ड हा शेवटचा अडसर आहे. लेथ सुरू करताना तुकड्याच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला उभं राहणं हा पहिला.

धुळीचं नुकसान सावकाश होतं, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. कातताना उडणाऱ्या लांब ढलप्या जमिनीवर पडतात, त्यांचा त्रास नाही. पॉलिश पेपर लावला की जी धूळ उठते ती बारीक असते, आणि १० मायक्रॉनपेक्षा लहान कण काम थांबल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. तो नाकाच्या पोकळीत आणि सायनसमध्ये होतो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही. एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर तो बसतच नाही, कडेने हवा आत जाते. अशांनी पंख्याने गाळलेली हवा शील्डच्या आत सोडणारा रेस्पिरेटर घ्यावा. दाढी नसलेल्यांनाही तो पुढे कधीतरी घ्यावासा वाटेल, कारण त्यात शील्डवर वाफ धरत नाही.

धार

सुतारकामातून लेथकडे आलेल्या माणसाला एक गोष्ट पटायला वेळ लागतो. पटाशीला सकाळी धार लावली की दिवस निघतो, मग लेथच्या हत्याराला पुन्हा पुन्हा धार का लागते? थोडा हिशोब करू. ३०० मिमीच्या वाडग्याचा घेर सुमारे ९४ सेंटीमीटर. मिनिटाला १००० फेऱ्या म्हणजे काठाजवळ काम करताना मिनिटाला ९४० मीटर लाकूड धारेवरून सरकतं. दहा मिनिटांत नऊ किलोमीटरच्या वर. रंधा मारताना एका खेपेला हात-दोन हात अंतर जातं. नऊ किलोमीटर व्हायला किती खेपा लागतील बघा. त्यात सालीत अडकलेली माती किंवा सागासारख्या लाकडातली सिलिका असेल तर धार आणखी लवकर जाते. वाडगा कातताना दोन-चार वेळा थांबून धार लावणं यात काही चुकत नाही, काम असंच असतं.

धार गेलेली ओळखू येत नाही, ही खरी अडचण. आपण नकळत हत्यार जोरात दाबू लागतो. दाबलेलं हत्यार तंतू कापत नाही, उपटतं. वाडग्याच्या घेरात दोन जागा अशा येतात जिथे तंतूंची टोकं धारेसमोर उभी राहतात. तिथे पृष्ठभाग खरबरीत होतो. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, तासभर घासणं आणि धुळीचा ढग. जोर लावलेलं हत्यार कधीतरी अडकतं आणि झटका बसतो. नवशिक्यांना जे आपल्या हाताचे दोष वाटतात, त्यातले पुष्कळसे धार लावल्यावर नाहीसे होतात. म्हणून माझ्या मते लेथचं सगळ्यात मोलाचं जोडसामान लेथवर बसतच नाही. ते म्हणजे शेजारच्या टेबलावरचा ग्राइंडर आणि त्यावर हत्यार धरणारा जिग.

ग्राइंडर २०० मिमी चाकाचा घ्या. मंद फिरणारा, म्हणजे मिनिटाला सुमारे १४५० किंवा १७५० फेऱ्यांचा असेल तर शिकताना बरं पडतं, कारण चूक झाली तरी कमी स्टील जातं. दुप्पट वेगाचाही चालतो, हात हलका ठेवावा लागतो. ग्राइंडरसोबत येणारं राखाडी चाक साध्या लोखंडकामासाठी असतं. ते लवकर गुळगुळीत होतं आणि हत्यार तापवतं. त्याच्या जागी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं पांढरं चाक बसवलं की फरक लगेच जाणवतो. पांढऱ्या चाकाचे कण झिजून गळतात आणि खालचे ताजे कण वर येतात. त्याची किंमत आपण चाक लहान होण्यात मोजतो, आणि मधूनमधून ड्रेसर लावून चाक सपाट करावं लागतं.

सीबीएन चाकाचं नाव तुमच्या कानावर आलं असेल. क्युबिक बोरॉन नायट्राइड हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण पदार्थ. मग हिराच का नको? हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो. पोलाद घासताना हिरा झिजत जातो. सीबीएनला हा त्रास नाही. धातूच्या चाकावर त्याचा पातळ थर असतो, त्यामुळे चाकाचा व्यास वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, ड्रेसर लागत नाही, फुटण्याची भीती नाही. व्यास न बदलणं हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. जिग एकदा लावला की लावला. हाय स्पीड स्टीलची हत्यारं असतील आणि हा छंद टिकणार अशी खात्री पटली असेल तर हे चाक घ्यावं. कार्बाइडची पाती मात्र त्यावर घासायची नाहीत.

जिग म्हणजे हत्यार ठरावीक कोनात धरून चाकावर फिरवणारा आधार. गाऊजची, म्हणजे पन्हळीसारख्या खोलगट पात्याच्या हत्याराची, धार वळणदार असते. तिला हाताने प्रत्येक वेळी तोच आकार देणं हे फार सरावाचं काम आहे. जिगमध्ये तीन गोष्टी ठरवायच्या असतात: आधाराचं चाकापासून अंतर, हत्यार जिगच्या बाहेर किती काढायचं ते माप आणि जिगच्या दांड्याचा कोन. ही मापं लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून ठेवा. मग धार लावणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं आणि जे काम अर्ध्या मिनिटाचं असतं ते आपण टाळत नाही. कोन बरोबर बसला का, हे बघायला धारेमागच्या उतारावर मार्करने काळं करा आणि चाक बंद असताना हाताने फिरवून टेकवा. काळा रंग सगळीकडून सारखा गेला तर बरोबर. फक्त टोकाकडून किंवा मागून गेला तर आधार थोडा सरकवा.

तापण्याबद्दल एक खुलासा. जुन्या कार्बन स्टीलची हत्यारं चाकावर निळी पडली की मऊ होतात, तेवढा भाग घासून टाकावा लागतो. हाय स्पीड स्टील निळं पडलं तरी त्याचा कठीणपणा जात नाही. उलट ते लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं तर धारेला बारीक तडे जाऊ शकतात. त्याला हवेत थंड होऊ द्यावं.

बदलायच्या कार्बाइड पात्यांची हत्यारं घेतली तर हे सगळं टळतं का? बऱ्याच अंशी टळतं. पातं फिरवायचं, सगळ्या बाजू संपल्या की नवं लावायचं. ज्याला वर्षातून चार-पाचच वस्तू करायच्या आहेत त्याने तोच मार्ग घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण ही पाती बहुधा लाकूड खरवडतात, कापत नाहीत. तंतूंच्या टोकांवर चांगल्या धारेचा गाऊज जसा पृष्ठभाग सोडतो, तसा त्यांच्याकडून सहसा मिळत नाही.

पकड

लेथसोबत येणाऱ्या फेस प्लेटने (लाकूड स्क्रूने बसवायची धातूची चकती) आणि दोन सेंटरांनी (लाकूड दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे सुळे) खूप काही करता येतं. खांब, मुठी, दांडे यांना चक लागतही नाही. वाडगा, डबी, पेला, म्हणजे आतून पोकळ काहीही करायचं ठरलं की चार जबड्यांचा स्क्रोल चक घ्यावा. किल्ली फिरवली की चारही जबडे एकदम मिटतात किंवा उघडतात आणि तुकडा आपोआप मध्यावर येतो.

चक घेतल्यावरही 'पकड सुटली' ही नोंद माझ्या वहीत बरेच दिवस येत राहिली. एका वाडग्याचं आतलं काम जवळजवळ संपलं होतं, आणि तो चकमधून निसटून भिंतीवर जाऊन फुटला. मला वाटलं किल्ली कमी आवळली. खरं कारण मागच्या खुंटात होतं. वाडग्याच्या तळाला चकमध्ये धरण्यासाठी जो गोल खुंट काढतात, तो मी जबड्यांच्या खोलीपेक्षा लांब काढला होता. त्यामुळे खुंटाचं टोक चकच्या तळाला टेकलं आणि वाडग्याचा सपाट तळ जबड्यांच्या तोंडापासून अधांतरी राहिला. पकडीचं बळ खुंटाला जितकं आवळण्यात असतं, तितकंच तळ जबड्यांवर घट्ट टेकण्यात असतं. खुंट जबड्यांच्या खोलीपेक्षा एक-दोन मिमी आखूडच हवा, त्याच्या मुळाशी कोपरा स्वच्छ हवा, आणि जबड्यांना आत तिरका उतार असेल तर खुंटालाही तोच उतार हवा.

दुसरी गोष्ट व्यासाची. चार जबडे हे एका पूर्ण वर्तुळाचे चार तुकडे असतात. ते जवळजवळ मिटलेले असताना त्यांच्यातून खरं वर्तुळ तयार होतं आणि खुंटाला सगळीकडून स्पर्श होतो. जास्त उघडले की फक्त त्यांचे कोपरे लाकडात रुततात. म्हणजे चकच्या माहितीत लिहिलेला 'कमीत कमी ते जास्तीत जास्त' व्यास हा उघडण्याचा आकडा आहे, चांगल्या पकडीचा नाही. खुंट वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश असावा असा कातकामातला अंदाज आहे. ५० मिमीचे जबडे म्हणूनच १५० मिमीच्या आसपासच्या वाडग्याला निर्धास्त चालतात. त्याहून मोठं काम करायचं असेल तर चकसोबत घ्यायची पहिली जोड म्हणजे १०० मिमीच्या घरातले जबडे. छोट्या डब्या आणि बाटल्यांची बुचं करणाऱ्याला ते लागणार नाहीत, त्याला २५ मिमीचे लागतील. आठ-दहा प्रकारच्या जबड्यांचा संच एकदम घेण्यात मला कधी अर्थ वाटला नाही.

चक निवडताना लेथच्या फिरत्या दांड्याचे आटे आधी मोजा. एम३३ x ३.५ आणि एक इंच व्यासाला इंचामागे आठ आटे ही दोन मापं बरीच आढळतात, सव्वा इंचाचंही असतं, छोट्या लेथवर आणखी लहान. काही चकमध्ये आट्यांचा भाग वेगळा काढता येतो. लेथ बदलला तर फक्त तो भाग बदलायचा, चक तोच राहतो. पहिला लेथ छोटा असेल तर असाच चक घ्या. लेथ उलटा फिरवून घासायची सवय असेल तर चक दांड्याला स्क्रूने अडकवायची सोय आहे ना, हेही पाहा, नाहीतर उलट फिरताना तो आट्यांवरून सुटतो.

मोठ्या, वेड्यावाकड्या ओंडक्यासाठी फेस प्लेटच जास्त भरवशाची. स्क्रू लाकडाचे घ्या. प्लास्टर बोर्डचे काळे स्क्रू कठीण पण ठिसूळ असतात, झटक्यात तुटतात.

छोट्या गोष्टी, मोठा उपयोग

टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या सरकत्या टोकात, बसणारं फिरतं सेंटर चांगलं असू द्या. लेथसोबत आलेल्याचं बेअरिंग खडखडत असेल तर तेवढं बदलणं पुरेसं आहे. हेडस्टॉकच्या, म्हणजे मोटरच्या, बाजूला स्प्रिंगवर दबणारा सुळा आणि भोवती बारीक दातांची कडी असलेलं सेंटर मिळतं. शिकणाऱ्याला ते मी आवर्जून सुचवतो. हत्यार अडकलं की लाकूड तिथल्या तिथे थांबतं, कडी नुसती घसरत राहते. झटका बसत नाही आणि चूक शांतपणे बघता येते. ही सेंटर मोर्स टेपरने, म्हणजे ठरावीक मापाच्या निमुळत्या दांडीने, बसतात. क्रमांक २ च्या टेपरचं रुंद टोक १७.७८ मिमी असतं, क्रमांक १ चं १२.०६५ मिमी. घेण्यापूर्वी आपला क्रमांक बघून घ्या. टेपर नुसत्या घर्षणावर धरतो, म्हणून बसवताना आतला भुसा बोळ्याने पुसणं महत्त्वाचं.

याच टेपरवर बसणारा ड्रिल चक टेलस्टॉकमध्ये लावला की मधोमध सरळ भोक पाडता येतं. डबी पोखरायची असेल किंवा वाडग्याची खोली आधी ठरवून घ्यायची असेल, तर त्याच्याइतकी सोपी युक्ती नाही.

टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आधार, ही वस्तू लोक विसरतात. हत्यार रेस्टच्या पुढे जितकं बाहेर, तितकी तरफ आपल्या विरुद्ध. सरळ रेस्ट खोल वाडग्यात पोचत नाही, मग हत्यार वीतभर अधांतरी चालवावं लागतं आणि ते थरथरतं. वाडगे करणाऱ्याने वळणदार रेस्ट लवकर घ्यावी. रेस्टच्या दांड्याचा व्यास आधी मोजून. आहे त्या रेस्टच्या वरच्या कडेवर खाचा पडल्या असतील तर कानशीने ती गुळगुळीत करा. त्यानेही हात सरळ चालू लागतो.

बाहेरच्या मापासाठी कॅलिपर हवाच. वाडग्याच्या भिंतीची जाडी मोजायला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दुहेरी कॅलिपर घ्या. एक टोक भिंतीला चिमटीत धरतं, दुसऱ्या टोकाला तेवढंच अंतर उघडं दिसतं.

दिवा हलवता येईल असा असावा. तिरपा उजेड टाकला की जे ओरखडे एरवी पॉलिश लावल्यावर दिसले असते ते आधीच दिसतात. दिव्याच्या लुकलुकण्याचीही काळजी घ्या. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे जुन्या ट्यूबलाइट आणि काही हलके एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. लेथ १५०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला २५ फेऱ्या, म्हणजे एका फेरीत चार लुकलुकी. प्रत्येक लुकलुकीला एक जबडा दुसऱ्याच्या जागी आलेला असतो, आणि फिरता चक थांबल्यासारखा दिसू शकतो.

घासण्यासाठी ड्रिलला लावायचं मऊ फोमचं पॅड आणि चिकटणाऱ्या चकत्या वाडगे करणाऱ्याचा खूप वेळ वाचवतात. पॅड स्वतः फिरत असल्यामुळे गोल-गोल ओरखडे राहत नाहीत. १२० पासून ४०० पर्यंत मधला नंबर न गाळता जा. बोटाला चटका बसतोय म्हणजे लाकूडही तापतंय, आणि तापलेल्या लाकडाला बारीक चिरा जातात.

जे थांबू शकतं

स्टेडी रेस्ट लांब आणि बारीक काम वाकू नये म्हणून असते. लांबी व्यासाच्या दहा-बारा पटींच्या पुढे गेली की तिची आठवण येईल, तोवर नाही. खोल फुलदाण्या पोखरायच्या मोठ्या दांड्या, एका ओंडक्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचं कोरिंगचं साधन, नक्षीची चाकं, ही सगळी त्या-त्या कामाची आवड पक्की झाल्यावरची खरेदी आहे.

व्हॅक्यूम चकबद्दल, म्हणजे हवा ओढून वाडगा कपावर धरणाऱ्या चकबद्दल, थोडं जास्त सांगतो, कारण तो फार मोह घालतो. हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो. १० सेंटीमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ ७८ चौरस सेंटीमीटर; आतली ८० टक्के हवा काढली तरी वाडगा साठ-पासष्ट किलोच्या बळाने धरला जातो, कसलीही खूण न उमटता. पण सच्छिद्र लाकडातून किंवा एखाद्या चिरेतून हवा आत झिरपली की हे बळ घटतं, आणि वीज गेली तर पकडच जाते. आणि हा सगळा खटाटोप मुख्यतः तळाचा खुंट काढून टाकण्यासाठी असतो.

ते काम टाकाऊ लाकडाच्या चकतीने होतं. चकती फेस प्लेटवर लावा, तिची कड किंचित निमुळती कातून वाडग्याच्या तोंडात अलगद घट्ट बसेल अशी करा. काठ वेडावाकडा असेल तर चकतीला घुमटासारखा आकार द्या, वर कातड्याचा मऊ तुकडा ठेवा आणि वाडगा त्यावर पालथा घाला. टेलस्टॉकचं सेंटर खुंटाच्या मध्यावर आणून दाबा. सेंटरची जुनी खूण यासाठीच खुंटावर राखून ठेवलेली असते. मग मंद वेगाने खुंट बारीक करत आणा. तळ मध्याकडे किंचित खोलगट घ्या, म्हणजे वाडगा डुगडुगत नाही. करंगळीएवढा खुंट उरला की लेथ बंद करा, वाडगा मांडीवर घेऊन तो पटाशीने कापा, आणि तेवढी जागा हातानेच घासून घ्या.